एका गणंगाचा हिशेब

फुटाण्यांच्या पुडीत दोन-चार गणंग, म्हणजे न फुललेले कडक दाणे, येणारच, हे लहानपणापासून माहीत आहे. आमची आजी फुटाणे सुपात घोळवून गणंग वेगळे काढायची आणि कोंबड्यांना टाकायची. लोकलमध्ये सूप नसतं. त्या नोव्हेंबरात संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये, घाटकोपर आणि मुलुंडच्या मध्ये कुठेतरी, मी उभ्या उभ्या फुटाणे खात होतो आणि डावीकडच्या खालच्या दाढेखाली एक गणंग आला. 'कट्' असा आवाज झाला. कवटीच्या आतूनच आला तो. शेजाऱ्यालाही ऐकू गेला असेल असं वाटून मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा. तो मोबाइलवर मॅच बघत होता.

जीभ फिरवून पाहिली. टवका उडालेला नव्हता, रक्त नव्हतं, दुखतही नव्हतं. उरलेले फुटाणे उजवीकडून चावून संपवले आणि विषय विसरलो.

मी फोर्टमधल्या एका कंपनीत हिशेब बघतो. घरखर्चाचीही वही ठेवतो. त्यामुळे या दाढेवर पुढे काय काय गेलं ते मला रुपयांनिशी सांगता येतं. आकडे माझ्या वहीतले, डोंबिवली-ठाण्यातले आहेत. दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरकडे ते वेगळे असणार, पण खर्च कोणत्या वळणावर वाढतो ते बहुतेक सगळीकडे सारखंच असावं.

चार दिवसांनी पोह्यातला शेंगदाणा त्याच दाढेखाली आला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. गंमत अशी की चावताना काही झालं नाही. चावून झालं, दाब सोडला, आणि त्या क्षणी कळ गेली. विजेचा झटका बसावा तशी, आणि लगेच गायब. मी पुन्हा चावून पाहिलं, काहीच नाही. तिसऱ्यांदा थोडं तिरकं चावलं, पुन्हा झटका. म्हणजे एका ठरावीक कोनातून, ठरावीक जागी घास आला तरच. गार पाण्यानेही ती बाजू शिवशिवायला लागली. बोट ठेवून 'हीच दाढ' असं मात्र सांगता येईना. कधी वाटायचं शेवटून दुसरी, कधी तिच्या पुढची, एकदा तर वरची वाटली.

मग आपण सगळे करतो तेच केलं. उजवीकडून जेवायला लागलो. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणली. भाकरीचा पापुद्रा काढून बाजूला ठेवायला लागलो तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, दाढ दुखतेय ना? दाखवून का येत नाही?" मी म्हटलं, दुखत नाहीये, मधूनच कळ येते. त्यावर तिने ज्या नजरेने पाहिलं तिला मराठीत नाव नाही.

दाखवायला गेलो ते जानेवारी उजाडल्यावर.

पहिला दवाखाना घराजवळचा. तपासणी ३०० रुपये, छोटा एक्स-रे ३०० रुपये. स्क्रीनवर माझी दाढ आली, तिच्यातली जुनी चांदी पांढरीशुभ्र दिसत होती. ही चांदी मी कॉलेजात असताना कऱ्हाडला भरली होती, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, कीड नाही, मुळाशी पू नाही, सगळं छान आहे, सेन्सिटिव्हिटी आहे. चांदीचा एक उंच भाग जरा घासून दिला आणि दुसरी, २१० रुपयांची पेस्ट लिहून दिली. मी खुशीत घरी आलो. एक्स-रे स्वच्छ म्हणजे दाढ स्वच्छ, असंच कुणालाही वाटेल.

ते तसं नसतं, हे पुढे कळलं, पण इथेच सांगून टाकतो. दाढेला तडा जातो तो बहुधा पुढून मागे, म्हणजे दातांच्या रांगेच्या दिशेने. एक्स-रेचा किरण जातो गालाकडून जिभेकडे. दोन काचा एकमेकींना चिकटवून समोरून पाहिल्या तर मधली फट दिसत नाही, कडेने पाहिल्या तरच दिसते. एक्स-रे दाढेकडे नेहमी समोरून पाहतो. त्यामुळे तडा असूनही फोटो निर्मळ येतो, आणि पेशंट दोन महिने पेस्ट लावत बसतो.

मी दीड महिना बसलो. मग ऑफिसमधल्या एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या ठिकाणी गेलो. इथे काचेचा दरवाजा, कॉफीचं मशीन आणि भिंतीवर हसऱ्या लोकांचे फोटो. तपासणी मोफत, पण संपूर्ण जबड्याचा एक्स-रे ७०० रुपये. एका तरुण डॉक्टरने कापसाची गुंडाळी चावायला दिली, मी किंचाळलो, आणि तडा आहे हे त्याने एका मिनिटात ओळखलं. तेवढ्याबद्दल त्याला पूर्ण मार्क. त्यानंतर मला एका वेगळ्या खोलीत नेलं. तिथे डॉक्टर नव्हते, एक बाई टॅबलेट घेऊन बसल्या होत्या. तडा गेलेली दाढ टिकत नाही, तिच्यावर पैसे घालू नका, काढून इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दाढ, बसवा, असं त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला आधी पटलंच. ४२,००० रुपये, कॅपसकट. या महिन्यात ठरवलं तर हाड भरण्याचा खर्च वेगळा लावणार नाही. हप्त्याची सोय आहे. बिनव्याजी.

हिशेबनिसाला 'या महिन्यात ठरवलं तर' हे शब्द ऐकले की खिशावर हात ठेवायची सवय असते. मी कोटेशनचा कागद घडी करून घेतला आणि निघालो. पण जिना उतरताना पाय जड झाले होते, हे कबूल करतो. दाढ जाणार हे मनाने धरलंच होतं.

त्या शनिवारी बायकोच्या शाळेतल्या एका बाईंनी तिला सांगितलं, काढायचीच असेल तर ती कधीही काढता येईल, त्याआधी रूट कॅनालच्या स्पेशालिस्टला दाखवा. दातांच्या डॉक्टरांतही त्यासाठी वेगळी एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, असते, त्यांना एंडोडोंटिस्ट म्हणतात. मला वाटायचं, रूट कॅनाल सगळेच करतात, त्यात स्पेशालिस्ट कशाला. त्यांनी ठाण्यात नौपाड्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. ठाणे माझ्या वाटेवरच. पास होता, गाडीखर्च शून्य.

तपासणी ५०० रुपये आणि वेळ पाऊण तास. त्या पाऊण तासात मला माझ्या दाढेबद्दल जितकं कळलं तितकं अठ्ठेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

त्यांनी आधी फक्त प्रश्न विचारले. चावताना दुखतं की सोडताना? सोडताना, म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. बर्फ चावता? सुपारी खाता? झोपेत दात खाता का? मी म्हटलं, छे. सोबत आलेली बायको म्हणाली, "रात्रभर जातं ओढतात." आमच्याकडे झोपेत दात खाणाऱ्या पोराला जंत झालेत म्हणतात आणि औषध देतात. माझी ती वेळ केव्हाच टळून गेली होती.

मग त्यांनी एक छोटी प्लॅस्टिकची काडी काढली. टोकाला चौकोनी पाचर, पाचरीला बारीक खळगा. दाढेला चार-पाच टेकाडं असतात. एकेका टेकाडावर तो खळगा बसवायचा, मला चावायला लावायचं, आणि सोडायला. पहिलं टेकाड, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसऱ्यावर, जिभेच्या बाजूला मागे, सोडल्याबरोबर मी खुर्चीतून वर उठलो. "थ्री सेवन," त्या मदतनीस मुलीला म्हणाल्या. डाव्या खालच्या बाजूची सातवी, हे तिचं नाव. अक्कलदाढेच्या अलीकडची. तीन महिने जी सापडत नव्हती ती सापडली.

"सोडतानाच का दुखतं?" मी विचारलं.

"तडा गेलेलं लाकूड पाहिलंय ना? दाबलं की फट उघडते, सोडलं की फट मिटते. दाढेच्या आतल्या थरात अतिशय बारीक नळ्या असतात, त्यात पाणी असतं. फट झटकन मिटली की ते पाणी हलतं आणि आतल्या शिरेला टोचतं. आणि काका, तुमची ही चांदी तीस वर्षं पाचरीसारखी बसलीय त्या लाकडात. फुटाणा शेवटचा घाव."

'काका' शब्दाने जरा लागलं, पण ते असो.

त्यानंतर त्यांनी खुर्चीवरचा मोठा दिवा बंद केला, खोलीचाही बंद केला, आणि पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक प्रकाशाचा दांडा दाढेला गालाच्या बाजूने टेकवला. समोरच्या स्क्रीनवर दिसलं ते मी विसरणार नाही. दाढेचा अर्धा भाग कंदिलाच्या काचेसारखा पिवळा उजळला होता आणि अर्धा काळाठिक्कर. मधोमध रेघ मारल्यासारखी हद्द. शाबूत दाढेत उजेड या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरतो. तडा आला की तिथेच अडतो. बिनखर्चाची, बिनरंगाची ही तपासणी, आणि आधीच्या दोन्ही ठिकाणी कुणी केली नव्हती. शेजारच्या दाढेला दांडा लावून दाखवला तर तिच्यावरही दोन-तीन बारीक केसासारख्या रेषा होत्या, पण उजेड आरपार जात होता. त्या वरवरच्या, चाळिशीनंतर बहुतेकांना असतात, त्यांना हात लावायचा नाही, म्हणाल्या. हे त्यांनी आपणहून सांगितलं नसतं तर मी त्यांच्यावरही पैसे घातले असते.

गार फवारा मारलेला कापूस दाढेला लावला. कळ आली, तीन-चार सेकंदांत गेली. आतली शीर जिवंत आहे आणि अजून फार चिडलेली नाही असा त्याचा अर्थ. कळ मिनिटभर रेंगाळली असती तर थेट रूट कॅनाल, म्हणजे आतली शीरच काढून टाकायची.

मग ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं ते. एक बोथट सळई, तिच्यावर मिलीमीटरच्या खुणा. ती हिरडी आणि दाढ यांच्या फटीत हळूच सरकवत दाढेभोवती सहा जागी मोजायचं. त्या मोजत होत्या आणि मुलगी लिहीत होती. "तीन. दोन. तीन. तीन. तीन." आणि सहाव्या जागी, तड्याच्या मागच्या टोकाशी, त्या थांबल्या. मीही श्वास धरला. "चार." बाकी सगळीकडे दोन-तीन आणि एकाच जागी सात-आठ असतं तर तडा मुळापर्यंत उतरलाय असं धरून दाढ काढा म्हणाल्या असत्या. चार म्हणजे काठावर पास.

औषधाच्या कागदाच्या पाठीमागे त्यांनी मला वाटा लिहून दिल्या. तो कागद वहीत चिकटवलेला आहे.

आधी जुनी चांदी काढून, निळ्या रंगाने तडा पाहून, तात्पुरतं सिमेंट भरायचं आणि दाढेभोवती स्टीलची पट्टी बसवायची. दातांना तारा लावतात तेव्हा दाढेवर जी कडी बसवतात तीच. खर्च २,००० रुपये. तीन-चार आठवडे थांबायचं. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवतात तसा हा प्रकार, तडा उघडायलाच द्यायचा नाही. कळ थांबली तर नुसती कॅप किंवा ऑनले, म्हणजे टेकाडं झाकणारी अर्धी कॅप, आणि काम संपलं. ऑनले ९,००० रुपये, कॅप जी घ्याल तशी. कळ थांबली नाही तर रूट कॅनाल, ९,५०० रुपये, वर आतून भरण्याचे १,५००, आणि कॅप. दाढ उघडल्यावर तडा आतल्या तळापर्यंत गेलेला दिसला तर तिथेच थांबायचं, पूर्ण पैसे घेणार नाही, दाढ काढायची. काढल्यावर इम्प्लांट किंवा काहीच नाही.

"काहीच नाही?" मी विचारलं.

"शेवटची दाढ आहे. मागे अक्कलदाढ नाही, तुम्ही ती काढलीये. हिच्या समोरच्या, वरच्या दाढेला आधार आहे. पुष्कळ लोक सातवीशिवाय मजेत जेवतात. ब्रिज तर इथे होणारच नाही, मागे टेकायला काही नाहीये."

४२,००० रुपयांच्या खोलीत 'काहीच नाही' हा पर्याय कुणी उच्चारला नव्हता. त्याचा दर शून्य असतो म्हणून असेल.

मी दोन गोष्टी विचारल्या. तडा जुळून येतो का? नाही. हाड जुळतं कारण त्यात जिवंत पेशी असतात. दाढेच्या वरच्या कवचात त्या नसतात, तिथला तडा मरेपर्यंत तडाच. दुसरं, गॅरंटी किती? त्या हसल्या. नुसत्या कॅपवर भागलेल्या अशा दाढांपैकी पाचातल्या एखादीला पुढे रूट कॅनाल लागतोच, म्हणाल्या, आणि कुठली ती आधी सांगता येत नाही. मला हे उत्तर आवडलं नाही, पण विश्वास याच उत्तराने बसला.

जूनमध्ये मुलीची फी होती, म्हणून एक स्वस्त वाटही चाचपून पाहिली. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याजोगं. एका सकाळी केसपेपर काढून बसलो. केसपेपरचे पैसे वहीत लिहिण्याइतकेही नव्हते. आधी एका विभागात तपासणी, मग एक्स-रे, मग तिसऱ्या विभागात. प्रत्येक ठिकाणी एक मुलगा किंवा मुलगी "काका, आ करा" म्हणते, सगळं लिहून घेते, मग सर येऊन पुन्हा पाहतात. पदव्युत्तर शिकणारे विद्यार्थी काम करतात आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षकांची सही लागते, म्हणजे घाईघाईत उरकलेलं काम तिथे सहसा खपत नाही. निदान तेच निघालं, नौपाड्यातल्यासारखंच, आणि त्या मुलीने उजेडाचा दांडाही लावला. खर्च बाहेरच्या काही हिश्शानेच. अडचण वेळेची. एकेका फेरीला अर्धा दिवस, फेऱ्या सहा-सात. मी रजेचा भाव काढला आणि बाहेरच करायचं ठरवलं. निवृत्त असतो तर डोळे मिटून तिथे गेलो असतो. आईची कवळी पुढे तिथेच केली, ती अजून छान बसते.

ऑफिसच्या मेडिक्लेमचीही चौकशी केली. दातांचं काम, तेही अॅडमिट न होता, पॉलिसीत बसत नाही. अपघातामुळे असेल आणि हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं असेल तरच. फुटाणा हा अपघात धरता येईल का, असं मी फोनवर विचारलं. पलीकडची मुलगी क्षणभर गप्प झाली आणि मग मनापासून हसली. क्लेम काही मिळाला नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पट्टी बसली. चांदी काढल्यावर निळा रंग लावून धुतला, आणि स्क्रीनवर चांदीच्या खड्ड्याच्या तळाशी पुढून मागे एक निळी रेघ उरली, शाळेच्या वहीतल्या समासासारखी सरळ. पट्टी बसवून घरी आलो, दुसऱ्या दिवशी मुद्दाम शेंगदाणा डावीकडे घेतला. चावला, सोडला. काही नाही. तीन महिन्यांनी मी डावीकडून जेवलो. त्या दिवशी भरली वांगी होती, हेही वहीत लिहिलंय.

अठरा दिवस असे गेले.

एकोणिसाव्या रात्री झोपताना हळदीचं दूध प्यायलो आणि दाढ पेटली. ही कळ वेगळी. झटका नाही, ठणका. आडवं झालं की वाढायचा, उठून बसलं की जरा कमी. आधी गार पाण्याने त्रास व्हायचा, आता उलट, गार पाण्याची चूळ धरली की तेवढा वेळ थांबायचा, पाणी तोंडात कोमट झालं की पुन्हा सुरू. रात्री अडीच वाजता मी स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाटलीतून चूळ भरत उभा होतो. बायको उठून आली, काही बोलली नाही, दुसरी बाटली फ्रिजरमध्ये ठेवून गेली. सकाळी मेडिकलवाला अँटिबायोटिकची पट्टी काढत होता, मी फक्त पेनकिलर घेतली आणि ठाण्याला फोन केला. गार पाण्याने बरं वाटतं म्हटल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मग ती शीर चाललीच. आज संध्याकाळी या." पाचातला एक मी होतो.

रूट कॅनालची मला लहानपणापासून भीती होती, आणि तेवढी नसती बाळगली तरी चाललं असतं. जबड्याच्या मागे इंजेक्शन दिल्यावर अर्धा ओठ आणि अर्धी जीभ दुसऱ्या कुणाची तरी झाली. मग तोंडावर हिरव्या रबराचं फडकं ताणून बसवलं, त्याच्या भोकातून एकटी थ्री सेवन बाहेर. रबर असल्याने पाणी, औषध, काहीच घशात जात नाही. शिरेची पोकळी धुवायला जे औषध वापरतात त्याचा वास थेट कपड्यांच्या ब्लीचचा. विचारायचं होतं, पण तोंड आपलं नव्हतं. नंतर कळलं, द्रव्य तेच.

दाढ उघडल्यावर त्यांनी मायक्रोस्कोप खाली ओढला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तडा तळापर्यंत गेला असेल तर काम इथेच थांबणार होतं, हे मला ठाऊक होतं. ती दोन मिनिटं पंख्याकडे बघत काढली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून त्यांनी दाखवलं. निळी रेघ मागच्या भिंतीवरून खाली उतरत होती आणि तळाच्या जरा वरच विरत होती. "थांबलाय," त्या म्हणाल्या. "आपण पुढे जाऊ."

तीन कॅनाल, म्हणजे मुळांतल्या शिरेच्या वाटा, निघाले. दोन बैठकी लागल्या. दुसऱ्या बैठकीच्या आदल्या रात्रीपासून ठणका पूर्ण बंद होता. त्या भागाबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही, मी मधे दहा मिनिटं झोपलोही होतो.

कॅप निवडताना मात्र पुन्हा बाजार भरला. साधी धातूची ४,५०० रुपये, धातूवर सिरॅमिक चढवलेली ६,५००, झिरकोनिया ११,०००. झिरकोनियाला दहा वर्षांचं वॉरंटी कार्ड. मी कार्ड उलटसुलट करून वाचलं. वॉरंटी कॅपची आहे, आतल्या दाढेची नाही. कॅप फुटली तर नवी मिळेल, दाढ चिरली तर कार्ड कपाटात. डॉक्टरांनी रंगांची पट्टीही माझ्या दातांशी धरून पाहिली. तीस वर्षांच्या चहाने माझा रंग बराच खालच्या ओळीत गेलेला होता. मी विचारलं, दाढेच्या दृष्टीने सगळ्यात बरी कोणती? त्या म्हणाल्या, धातूची, पातळ असूनही चालते म्हणून दाढ कमी तासावी लागते, पण हल्ली कुणी घेत नाही, दिसते म्हणून. शेवटून पहिली दाढ आहे, आरसा आणि टॉर्च घेतल्याशिवाय मलाही दिसत नाही. मी धातूची घेतली. जांभई देताना चमकते असं मुलगी म्हणते. चमकू दे.

कॅपनंतर रात्री घालायचं साचेबंद कडक प्लॅस्टिकचं नाइट गार्ड, ४,००० रुपये. हे मी टाळणार होतो. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या इतर दाढांवरच्या रेषा आपण पाहिल्यात ना? घेतलं. पहिले आठ दिवस तोंडात कुणी रिक्षा पार्क केल्यासारखं वाटायचं. आता ते घातल्याशिवाय झोप येत नाही. त्यावर माझ्या दातांनी पाडलेले चरे दिसतात. दर दोन-तीन महिन्यांनी एखादा नवा दिसतो. ते सगळे याआधी दाढांवर पडत होते.

वहीतली बेरीज अशी. पहिलं ठिकाण पेस्टसकट ८१०. दुसरं ७००. ठाण्यात तपासणी आणि पट्टी २,५००. रूट कॅनाल ९,५००, आतलं भरणं १,५००, कॅप ४,५००, गार्ड ४,०००. गोळ्या ३४०. एकूण २३,८५० रुपये. बिलावर जीएसटी नाही, उपचारांवर तो लागत नाही. डिसेंबरात थेट इकडे आलो असतो तर यातले ११,००० कदाचित वाचले असते. कदाचित म्हणतो, कारण डॉक्टरांना हे विचारलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले. शीर कधी चिडायला लागली ते कुणाला ठाऊक, म्हणाल्या. बायकोला मात्र पक्कं ठाऊक आहे, आणि तिचं उत्तर मी इथे लिहीत नाही.

सहा महिन्यांनी, परत नोव्हेंबरात, तपासणीला गेलो. कॅपवर काडी बसवून चावलं, सोडलं, काही नाही. एक्स-रे काढला, ठीक होता, पण मी आता एक्स-रेवर फारसा भाळत नाही. मला त्या सळईची वाट होती. मदतनीस मुलीने कागद पुढे ओढला, डॉक्टर वाकल्या. "तीन. दोन. तीन. तीन. तीन." सहाव्या जागेशी आल्यावर मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"चार."

"म्हणजे तेवढंच आहे?"

"तेवढंच आहे. मे महिन्यात या, परत मोजू."